तेरा वर्षांचा करार आणि एक जुनी याद

ॲन आर्बर, मिशिगन
८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादा,

उल्हासचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो प्रत्यक्ष घालणं आता जमत नाही, तेव्हा कागदावरचा पूर्ण लांबीचा समजून घ्यावा.) तुमची कंबर कशी आहे? सुमित्रावहिनींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? पहिल्या डोळ्यानंतर त्यांना घरातली जळमटं दिसायला लागली आणि तुम्हाला शिडीवर चढावं लागलं, हे वहिनींनीच फोनवर सांगितलं. दुसऱ्या डोळ्याच्या आधी शिडी कोणाला तरी देऊन टाका, असा माझा सल्ला आहे. आम्ही दोघं ठीक आहोत. बाहेर उणे अकरा आहे, अंगणातला बर्फ माझ्या मांडीपर्यंत आला आहे आणि मी कधी नव्हे इतका आनंदात आहे. फोनवर तुम्ही तीनदा ‘हं’ म्हणता आणि फोन वहिनींच्या हातात देता, म्हणून हे पत्र. शिवाय व्हॉट्सॲप आमच्याकडे एकाच टॅबलेटवर आहे आणि तो आम्ही दोघं मिळून वाचतो, तेव्हा काही गोष्टींना पाकीटच बरं.

आनंदाचं कारण असं, की डॅरियस कॉल्डवेलनं सही केली. तुम्ही हे नाव ऐकलेलं नसणार. तो आमच्या बेसबॉल संघाचा आउटफील्डर आहे. तुम्ही कराडच्या जिमखान्यावर एकवीस वर्षं अंपायर होतात (त्यातल्या एका मॅचमध्ये तुम्ही मला शून्यावर पायचीत दिलंत, चेंडू लेगच्या बाहेर पडला होता, पण तो विषय आज काढत नाही), म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. साइटस्क्रीनच्या पुढ्यात, अगदी कुंपणाला लागून जो गडी उभा करतात, तो हा. तीन तासांच्या खेळात पावणेतीन तास तो नुसता उभा असतो, सूर्यफुलाच्या बिया चघळतो आणि सालं थुंकतो. पण उरलेल्या पंधरा मिनिटांत कुंपणावर चढून, पाठमोरा पळत, जो चेंडू कोणालाच मिळायचा नाही तो झेलतो. बॅट हातात घेतली तर चेंडू पार्किंगमध्ये जातो. आम्ही इथले मराठी लोक त्याला जावईबापू म्हणतो. लाड तसेच, मानपान तसाच आणि रुसून दुसरीकडे जाईल ही धास्तीही तशीच.

तर जावईबापूंनी तेरा वर्षांचा करार केला. आकडा लिहीत नाही, तुमचा रक्तदाब वाढेल. तेरा वर्षं हा माणूस एकाच ठिकाणी राहणार याची देशभरात बातमी झाली, पत्रकार परिषद झाली, टोप्यांचे फोटो निघाले. तुम्ही पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं एकाच कचेरीत, एकाच खिडकीपाशी काढलीत, तेव्हा मात्र एक शाल, एक नारळ आणि घरी येईपर्यंत बंद पडलेलं घड्याळ एवढ्यावर भागलं. या देशात एका जागी टिकणाऱ्या माणसाची किंमत आहे, हे तुम्ही मान्य केलं पाहिजे. मीही या गावात एकोणपन्नास वर्षं टिकलो आहे. मला कोणी टोपी दिली नाही ही गोष्ट वेगळी.

आता हा करार माझ्यासाठी इतका मोठा का, ते सांगण्याआधी थोडं मागं जावं लागेल. तुम्हाला माहीतच आहे, मागच्या वर्षी जानेवारीत वसुधा गाडीकडे जाताना बर्फावरून घसरली आणि तिचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत स्वयंपाक मी केला. (तिनं तो खाल्ला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं नाही.) तेव्हापासून तिच्या मनात मॉरिसव्हिल बसलं. मॉरिसव्हिल म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं आमच्या सावनीचं गाव. तिथे बर्फ नावापुरता पडतो, वाण्याच्या दुकानात मटकी मिळते आणि सावनीच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून एकमजली घरं बांधताहेत. शिवाय तिथे अनया आहे. सावनीची ही लेक आता आठ वर्षांची झाली. दर शनिवारी सकाळी आजी तिला टॅबलेटवरून मराठी वाचायला शिकवते. पोरगी फोन असा धरते की आम्हाला तिचं फक्त कपाळ दिसतं. वसुधा म्हणते, तीन वर्षं मी माझ्या नातीच्या कपाळाला बाराखडी शिकवते आहे.

माझी बाजू अशी, की घर इथे, मित्र इथे, तळघरातला टीव्ही आणि त्यासमोरची माझी खुर्ची इथे. मैदान पाऊण तासावर. मॉरिसव्हिलजवळ मोठा संघच नाही, शेजारच्या गावात खालच्या पायरीचा एक आहे, त्यातली मुलं जरा बरी खेळायला लागली की त्यांना वर उचलून नेतात. त्र्याहत्तराव्या वर्षी मी रोज नव्या पोरांची नावं पाठ करायची का? तेव्हा मी नाही म्हणत होतो. ठणकावून नव्हे, माझ्या पद्धतीनं. म्हणजे ‘बघू’ म्हणत होतो. (वसुधा म्हणते, मी चाळीस वर्षं मोटारींचे ब्रेक डिझाइन केले त्याचा हा परिणाम आहे.)

नोव्हेंबरात मोसम संपला, जावईबापूंचा जुना करार संपला आणि वर्तमानपत्रं लिहायला लागली की आता तो समुद्रकाठच्या एखाद्या श्रीमंत संघाकडे जाणार. इथे सुतकी वातावरण पसरलं. माझा मित्र शैलेंद्र बोकारे, तुम्ही त्याला भेटला आहात, नागपूरचा, रिटायर्ड भूलतज्ज्ञ (बेसबॉलचे आकडे सांगायला लागला की अजूनही समोरचा माणूस झोपतो), तो आमच्या सोफ्यावर तासभर डोकं धरून बसला. त्याच्याबरोबर वल्लरी होती. ही सांगलीची मुलगी, इथल्या विद्यापीठात स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करते आणि दर रविवारी जेवायला आमच्याकडे असते. चहा देता देता वसुधा सहज म्हणाली, “तो गेला तर मग आपणही जाऊ या का?”

दादा, या प्रश्नाला ‘बघू’ म्हणायचं सोडून मी दोन साक्षीदारांसमोर म्हणालो की तो जाणार नाही. ती म्हणाली, गेला तर? मी म्हणालो, गेला तर पाडव्याला घर विकायला काढू, पण राहिला तर त्याचा करार संपेपर्यंत मॉरिसव्हिलचं नाव काढायचं नाही. मला वाटलं विषय चहाबरोबर संपेल. वसुधानं कागद आणला. लग्न ठरवताना बैठकीत करतात तशी रीतसर याद करू या, म्हणाली. मग मी सांगितलं आणि वल्लरीनं लिहून घेतलं. कलम पहिलं, जावईबापू गेल्यास गुढीपाडव्याला घर विक्रीस काढावं. कलम दुसरं, राहिल्यास कराराची मुदत संपेपर्यंत मॉरिसव्हिलचा विषय घरात काढू नये. ‘घरात’ हा शब्द मी मुद्दाम घातला, वजन यावं म्हणून. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू वसुधानंच लावलं. दोघांच्या सह्या, शैलेंद्र आणि वल्लरी साक्षीदार.

यावरून आपली जुनी याद आठवली. १९८० साली सांगलीच्या बैठकीत फुलस्केप कागदावर तुम्हीच लिहिली होतीत. मी अमेरिकेतून तीन आठवड्यांच्या रजेवर आलो होतो आणि जेट लॅगमुळे लोडाला टेकून झोपलो होतो. वरमाईची साडी, पंगतीला जिलबी की श्रीखंड, वऱ्हाडाची बस कोणी करायची, अशी आठ कलमं झाल्यावर आमचे सासरे, शाळामास्तर माणूस, चाचरत म्हणाले की आणखी एक लिहाल का? मुलीला तिकडे एकटं पडू देऊ नये. लोक हसले, कारण असलं कलम कोणी यादीत घालत नाही. तुम्ही मात्र न हसता ते नववं कलम म्हणून लिहिलंत आणि मला हलवून उठवून सही करायला लावलीत. मी कागद न वाचताच सही केली होती. असो, हे ओघात आलं.

तर करार. चोवीस जानेवारीला सकाळी सात वाजता शैलेंद्रचा फोन आला आणि तो नुसता “तेरा, तेरा” म्हणत होता. मला वाटलं बाहेरचं तापमान सांगतोय. बातमी कळल्यावर मी स्वेटरवर संघाची जर्सी चढवली, देवापुढे साखर ठेवली आणि वसुधाला हाक मारली. दुपारी पत्रकार परिषद होती, ती बघायला तळघरात आठ-दहा माणसं जमली. वसुधानं परातभर साबुदाण्याची खिचडी केली. (हरलेल्या माणसानं जिंकणाऱ्यासाठी खिचडी करावी, यात तिचा मोठेपणा आहे आणि तो मी सर्वांसमोर बोलून दाखवला.)

पण आपले लोक आनंद सरळ साजरा करतील तर शपथ. खिचडीचा पहिला घास पोटात जाताच शैलेंद्रनं सूर काढला, “अबे, तेरा वर्षं म्हणजे एकेचाळीस वर्षांचा होईन ना तो! कुंपणावर चढीन का काठी टेकीन?” मी म्हणालो, तू बहात्तराचा आहेस, तुला कोणी अजून काढून टाकलं का. त्यानं वल्लरीला मध्ये घेतलं. वल्लरीनं लॅपटॉप उघडून एक आलेख दाखवला. आउटफील्डर सत्ताविसाव्या वर्षी शिखरावर असतो, तिशीनंतर उतार लागतो, पस्तिशीनंतर कडा. शेवटची पाच वर्षं संघ त्याला केवळ आठवणींसाठी पोसणार, असा त्या रेषेचा अर्थ होता. एरवी मी मुलांच्या आलेखांना मान देतो, पण त्या दिवशी म्हणालो की माणूस म्हणजे रेषा नव्हे. त्यावर शैलेंद्र म्हणाला, “मग आपलीबी रेषा काढून पाह्य.” वल्लरी नको नको म्हणत होती, “काका, हे ओव्हरऑल प्रोजेक्शन असतं, प्लीज पर्सनली घेऊ नका,” पण त्यानं ऐकलं नाही. तिनं करार संपेल ते वर्ष टाकलं आणि समोर आमची वयं आली. शैलेंद्र पंच्याऐंशी, मी शहाऐंशी, वसुधा ब्याऐंशी. वसुधा खिचडीची परात घेऊन जिन्यात उभी होती. तिनं विचारलं, “आणि अनया?” वल्लरीनं सांगितलं, एकवीस. वसुधा बरं म्हणाली आणि आणखी दही आणायला वर गेली.

तेवढ्यात पत्रकार परिषद सुरू झाली म्हणून बरं. जावईबापू सूट घालून आले होते. एका बाईनं विचारलं की दुसरीकडे याहून जास्त पैसे मिळत होते, मग इथे का राहिलात? मला वाटलं आता संघाबद्दल, चाहत्यांबद्दल, आमच्याबद्दल काही बोलेल. तो म्हणाला, माझी आई इथून वीस मिनिटांवर राहते, माझी मुलगी शाळा सुटली की रोज तिच्याकडे जाते, ते मोडायचं नव्हतं. एवढंच बोलला आणि पाणी प्यायला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी वाजवल्या. वसुधा दही घेऊन परत आली होती, तिनंही वाजवल्या, पण तिच्या हातात वाटी होती म्हणून आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी तर माझ्या कर्तृत्वावर कळसच चढला. इथे रेडिओवर दुपारी खेळावर बोलणारा एक कार्यक्रम असतो. कोणीही फोन करायचा आणि तावातावानं बोलायचं. सगळे तेरा वर्षांवर टीका करत होते, म्हणून मी फोन लावला आणि वीस मिनिटं ताटकळल्यावर मला आत घेतलं. मी सांगितलं की माझ्या थोरल्या भावानं एकाच खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यानं मोजमाप केलेल्या कालव्यातून आजही पाणी वाहतं आणि शेवटच्या पाच वर्षांत तो आठवणींवर नव्हे, कामावर होता. दिलेला शब्द मुदत संपेपर्यंत पाळावा, मी स्वतः तेरा वर्षं या गावातून हलणार नाही, असं मी मिशिगन राज्याला जाहीर सांगितलं. निवेदकाला ते फार आवडलं. तो तुकडा त्यांनी दिवसभर वाजवला आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरही कोणीतरी टाकला. लोक देवळात भेटले की ‘तेरा वर्षं काका’ म्हणतात. यादीचा कागद मी काचेत बसवून तळघरात टीव्हीशेजारी लावला आहे. हळदकुंकू काचेतून छान दिसतं.

वसुधाबद्दल म्हणाल तर ती यादीतला शब्द न् शब्द पाळते आहे. भांडण नाही, टोमणा नाही. जेवण वेळेवर, आवाज मऊ. डिसेंबरात तिनं हौसेनं एक खोकं भरायला घेतलं होतं, त्यात तिच्या आईचं पितळी पुरणयंत्र सगळ्यात आधी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं, अनयाला पुरण वाटायला शिकवायचं म्हणून. करार झाला त्या संध्याकाळी तिनं ते काढलं, कागदाची नीट घडी केली आणि यंत्र परत फडताळात वरच्या कप्प्यावर ठेवलं. मला स्टूल धरायला सांगितलं, मी धरलं. परवा शनिवारी अनयाच्या कपाळानं विचारलं, “आजी, सो यू आर नॉट कमिंग टू लिव्ह हिअर? एव्हर?” वसुधानं माझ्याकडे बघितलं, यादीकडे बोट करतात तसं तळघराकडे बोट केलं आणि तिला विचारलं की आज तिकडे हवा कशी आहे. मी मध्ये पडून सांगितलं की उन्हाळ्यात येऊ. कपाळ पडद्यावरून बाजूला झालं.

आणखी एक गंमत. ‘घरात’ विषय काढायचा नाही, असं कलम आहे ना? तर सावनीचा फोन आला की वसुधा कोट घालते, टोपी घालते आणि गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसते. गॅरेज घरात मोडत नाही, असं तिचं म्हणणं आहे. वल्लरीला विचारलं तर तिनंही अर्थ तसाच लावला. गॅरेजमध्ये हीटर नाही. परवा अर्धा तास झाला तरी आली नाही म्हणून मी दार किलकिलं करून बघितलं. गाडीच्या काचा तिच्या श्वासानं धुरकटल्या होत्या आणि त्यामागे ती हात हलवून हलवून काहीतरी सांगत होती, हसत होती. मी दार लावून घेतलं. अशी आमच्याकडे सगळी शांतता आहे. मी जिंकलो, मित्र जवळ आहेत, संघ मजबूत आहे, एप्रिलच्या पहिल्या मॅचची तिकिटं काढली आहेत. तुमच्या धाकट्या भावाला कशाचीही कमतरता नाही, हे वहिनींनाही सांगावं.

वहिनींना नमस्कार. औषधं वेळेवर घ्यावीत.

तुमचा,
उल्हास

ता. क. लिंबाचं गोड लोणचं कोणी येणारं असेल तर पाठवावं. मागची बरणी विमानतळावरच्या माणसानं उघडून वास घेतला आणि काही न बोलता परत बंद केली. झाकण घट्ट असू द्यावं.

ता. क. २. वहिनी वसुधाशी बोलतील तेव्हा पुरणयंत्राचा विषय काढू नये म्हणावं. ती स्टुलावर चढली तेव्हा डाव्या मनगटाला आधार देत होती, हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. ३. दादा, आता खरं काम. वरची पानं तुम्ही वाचलीत, त्यात खोटं काही नाही, पण ती ठेवून द्या. मला ही बाजी हरायची आहे आणि हरता येत नाही. वल्लरीला मी गुपचूप विचारलं की या करारातून तो मध्येच बाहेर पडू शकतो का. नाही. संघ त्याला दुसरीकडे धाडू शकतो का, तर त्याच्या मर्जीशिवाय तेही नाही. बायको गॅरेजमध्ये कुडकुडत लेकीशी बोलते आणि मी आत हीटरपाशी बसून जिंकलेला आहे. मला लाज वाटते. पण मिशिगन राज्याला शब्द दिला आहे, कागद काचेत लावला आहे आणि स्वतःहून माघार घेतली तर शैलेंद्र मला उरलेलं आयुष्य सोडणार नाही. वसुधाही कबूल होणार नाही. तुमचं मन मोडून मला जायचं नाही, असं म्हणेल आणि खरंच म्हणेल.

तेव्हा असं करा. आमची १९८० सालची याद तुमच्या लोखंडी कपाटात, जमिनीच्या कागदांखाली आहे, मला ठाऊक आहे. पत्र पोचेल त्यानंतरच्या रविवारी आमच्या सकाळी दहा वाजता फोन करा. तेव्हा शैलेंद्र आणि वल्लरी दोघंही इथे असतात, मी स्पीकर लावीन. नववं कलम मोठ्यानं वाचा. मग विचारा की या यादीला मुदत कुठे लिहिली आहे ते दाखव. ती लिहिलेली नाही. आधीची याद नंतरच्या यादीला भारी पडते, असं पाटबंधारे खात्याच्या आवाजात सांगा आणि मला मॉरिसव्हिलला जायची आज्ञा करा. मी दोनदा विरोध करीन. दुसऱ्या वेळी विरघळू नका, तुमची ती सवय आहे. तिसऱ्या वेळी मी मान खाली घालीन. कॉलेज सोडून क्रिकेट खेळू नकोस म्हणालात, ऐकलं नाही. अमेरिकेला जाऊ नकोस म्हणालात, ऐकलं नाही. आईच्या आजारपणात लवकर निघ म्हणालात, तेही वेळेवर ऐकलं नाही आणि ते मला आजही खातं. एक आज्ञा पाळायची राहिली आहे, ती द्या. पायचीतचं मी माफ करीन.

हे पत्र वसुधाच्या नजरेस न पडता मीच पोस्टात टाकणार आहे.

ता. क. ४. (हे अक्षर वसुधाचं आहे.) ती. भावजींना वसुधाचा नमस्कार. पाकीट उघडंच जेवणाच्या टेबलावर ठेवून हे पोस्टाची तिकिटं शोधत होते, तेवढ्यात शैलेंद्र आले आणि दोघं त्यांच्या गाडीची बॅटरी बदलायला गेले. पोस्ट पाच वाजता बंद होतं म्हणून मीच टाकते आहे. वाचायचं नव्हतं, वाचलं. त्यांना सांगू नका.

फोन जरूर करा, रविवारी दहालाच. तिसऱ्यांदाही विरोध करू द्या, त्यांना बरं वाटेल. फक्त नववं कलम वाचून झालं की थांबू नका, दहावंही वाचा. दहावं कलम असं, की मुलाला दरवर्षी एप्रिलात आणि ऑक्टोबरात आठ-आठ दिवस ॲन आर्बरला शैलेंद्रकडे पाठवावं, मॅच बघायला, आणि त्याची खुर्ची शैलेंद्रच्या तळघरात आधीच नेऊन ठेवावी. हे स्वतःहून मागणार नाहीत. ‘मला काही नको’ म्हणतील आणि तिकडे जाऊन खिडकीशी बसतील. त्या बैठकीत हे झोपलेले होते, तेव्हा दहा कलमं नव्हती असं यांना शपथेवर सांगता येणार नाही. शाई तुमच्या घरी आहेच.

पुरणयंत्र अजून फडताळातच आहे. तुमचा फोन झाला की यांना स्टूल धरायला सांगेन.